तीन टक्क्यांच्या आतलं

मोटार चालवणाऱ्या माणसांचे दोन प्रकार असतात. एक, ज्यांनी आपली गाडी कधी ना कधी कशावर तरी आपटली आहे असे. आणि दुसरे, जे ते कबूल करत नाहीत असे. गेल्या महिन्यात एका गुरुवारी रात्री साडेनऊच्या सुमारास मी पहिल्या प्रकारात दाखल झालो आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता दुसऱ्या प्रकारात बदली करून घेतली.

झालं ते असं. एका लग्नाच्या स्वागतसमारंभाहून मी एकटाच परतत होतो. ही माहेरच्या मंडळींबरोबर मागे राहिली होती. आमच्या सोसायटीचं फाटक ज्या काळात बांधलं, त्या काळात सोसायटीत चोवीस बिऱ्हाडं, एकोणीस स्कूटरी आणि एक फियाट होती. फाटकाची रुंदी त्या एका फियाटच्या मापानं बेतलेली. फियाट गेली, तिचे मालक गेले, पण फाटक आहे तसंच आहे. त्यातून त्या रात्री कुणीतरी आपली गाडी तिरकी लावून ठेवलेली. मी आत शिरलो, अडकलो, मागे वळून पाहिलं, आरशात पाहिलं, देवाचं नाव घेतलं आणि रिव्हर्स टाकला. पहिल्यांदा 'टक्' असा आवाज आला. तो मागच्या दिव्याचा. मग 'कर्रर्र' असा आला. तो बंपरचा. त्यानंतर माझ्या तोंडून जो आला तो इथे छापण्यासारखा नाही.

उतरून पाहिलं. मागचा डावा दिवा फुटला होता, बंपरला वीतभर तडा गेला होता आणि डिकीच्या दाराला आमटीच्या वाटीएवढा पोचा पडला होता. खांबाचाही थोडा गिलावा उडाला होता. मी काही वेळ खांबाकडे रागानं बघत उभा राहिलो. खांबानं नजर चुकवली नाही. वॉचमन पाण्याची मोटर चालू करायला मागच्या बाजूला गेलेला. रस्त्यावर फक्त एक कुत्रं होतं. त्यानं सगळं पाहिलं. पण ते काही सोसायटीचं सभासद नव्हतं.

सकाळी ही दूध घ्यायला खाली गेली आणि तिथूनच ओरडली, "अगंबाई! गाडी कुणी ठोकली हो?"

मी बाल्कनीतून म्हणालो, "बघ ना!"

वाचकहो, या दोन शब्दांत असत्य असं काहीही नाही. अश्वत्थाम्याच्या बाबतीत धर्मराजानं जेवढं सत्य पाळलं, तेवढं मीही पाळलं. फरक एवढाच की त्याचा रथ नंतर जमिनीला टेकला. माझा आधीच खांबाला टेकला होता.

आठ वाजेपर्यंत गाडीभोवती सोसायटी जमली. आमचे सेक्रेटरी सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. नुकसान दिसलं की त्यांना आधी जबाबदार इसम लागतो. "कुणीतरी येतो, फाटकाच्या आत गाडी ठोकून जातो, आणि वॉचमनला पत्ता नाही? हा पगार कशाचा घेतो? रविवारच्या मीटिंगला विषय घेऊ. खर्चाचा काही भाग त्याच्या पगारातून कापू, नाहीतर माणूस बदलू." वॉचमन टोपी हातात घेऊन उभा होता. "मी मोटर चालू करायला गेलो होतो साहेब," एवढंच तो म्हणाला आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. मी खांबाकडे बघितलं.

गॅरेजवाल्यानं कागदावर आकडा लिहून दिला : ८,४०० रुपये. त्यावरून घरात दोन पक्ष पडले. माझा मेव्हणा क्लेमवादी. "हप्ते भरताय ना वर्षानुवर्षं? मग क्लेम करा की! पॉलिसी काय फ्रेम करून लावायला घेतलीत?" शेजारचे नाना रोखवादी. त्यांच्या मते कंपनीच्या दारी जाणं आणि कोर्टाची पायरी चढणं यात फरक नाही. एरवी मराठीत 'क्लेम'ला आपण 'दावा' म्हणतो आणि दावा हा भाऊबंदांशी मांडायचा असतो, त्यामुळे नानांचं म्हणणं भाषेच्या दृष्टीनं बरोबर होतं.

मेव्हण्यानं तेवढ्यात क्लेमचा फॉर्मही आणला. गाडीचा नंबर, इंजिनाचा नंबर, लायसेन्सचा नंबर इथपर्यंत मी सराईतपणे आलो आणि मग एका रकान्यापाशी थबकलो. 'अपघात कसा घडला, याचे थोडक्यात वर्णन करा.' मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. 'थोडक्यात वर्णन करा' हा प्रश्न मी हजारो मुलांना घातला असेल. त्याचं उत्तर लिहिणं इतकं अवघड असतं हे मला साठी उलटल्यावर कळलं.

"लिहा, अज्ञात वाहनाने धडक दिली," मेव्हणा म्हणाला. "आणि दिवाळीत डाव्या दाराला स्कूटर घासली होती ना, तीही टाका यातच. एकाच क्लेममध्ये दोन्ही बसतात."

मी फॉर्म मिटून ठेवला. संकट आलं की कुणी देवळात जातो, कुणी ज्योतिषाकडे. मी इतिहासात जातो. तिथे आपल्यापेक्षा मोठी माणसं आपल्यापेक्षा मोठ्या लफड्यांत सापडलेली भेटतात, त्यामुळे जिवाला बरं वाटतं.

आणि खरोखरच भेटली. पहिला भेटला तो हेगेस्ट्रॅटोस नावाचा ग्रीक जहाजमालक. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक व्यापारी जहाजाच्या किंवा मालाच्या तारणावर कर्ज काढत. अट अशी की जहाज सुखरूप पोचलं तर मुद्दल आणि सणसणीत व्याज द्यायचं. बुडालं तर कर्जही बुडालं. म्हणजे सावकार आणि विमा कंपनी एकाच धोतरात. हेगेस्ट्रॅटोस आणि त्याचा साथीदार झेनोथेमिस यांनी सिरॅक्यूज बंदरात दुसऱ्याचं धान्य आपलं म्हणून दाखवून कर्ज उचललं, पैसे गावी पाठवून दिले आणि मग उरलं ते फक्त जहाज बुडवणं. किनारा सोडून दोन-तीन दिवस झाल्यावर एका रात्री हेगेस्ट्रॅटोस खाली उतरून जहाजाच्या तळाला भोक पाडू लागला. झेनोथेमिस वर काहीच माहीत नसल्यासारखा प्रवाशांत मिसळून बसला. पण लाकूड कापताना आवाज होतो, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. लोक धावले. हेगेस्ट्रॅटोसनं पळत जाऊन समुद्रात उडी टाकली. मागे बांधलेल्या होडीत पडायचा त्याचा बेत होता, पण अंधारात होडी चुकली आणि तो बुडाला. जहाज मात्र सुखरूप किनाऱ्याला लागलं. हे सगळं डेमॉस्थेनीसच्या नावावर असलेल्या कोर्टातल्या एका भाषणात सांगितलेलं आहे. मी ते मेव्हण्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "त्याचं प्लॅनिंग चुकलं."

आपल्याकडे काय होतं? याज्ञवल्क्यस्मृतीत व्याजाचे दर दिले आहेत. त्यात रानावनातून माल नेणाऱ्या व्यापाऱ्याला महिन्याला शेकडा १० आणि समुद्रावरून जाणाऱ्याला शेकडा २०. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हेच दोन आकडे आहेत. साध्या कर्जाला शेकडा सव्वा, आणि समुद्राला २० ! वरचे पावणेएकोणीस कशाचे, हे सांगायला सर्व्हेअर नको. ते वादळाचे, खडकांचे आणि चाच्यांचे. पुढे मुंबई-गुजरातच्या किनाऱ्यावर जोखमी हुंडी निघाली. माल जहाजात चढवायचा, त्या मालावर हुंडी लिहायची; माल बंदराला पोचला तर हुंडीचे पैसे मिळणार, समुद्रात गेला तर हुंडी घेणाराही गेला. जोखमी हुंडी ! नावातच सगळी पॉलिसी आली. बारीक अक्षरात मागे काही छापायची गरज नाही.

शब्दांवरून आठवलं. मराठीत विमा 'काढतात' तसा 'उतरवतात'ही. अशी उतरवण्याची आणखी एकच गोष्ट मला माहीत आहे : दृष्ट. दोन्हींमागची कल्पना एकच. काहीतरी वाईट होणार आहे, ते आपल्यावरून ओवाळून दुसरीकडे टाकायचं. आपल्याकडच्या मोटारवाल्यांनी म्हणूनच दोन्ही व्यवस्था चालू ठेवल्या आहेत. काचेमागच्या कप्प्यात पॉलिसी आणि बंपरखाली लिंबू-मिरची.

पण मला हवं होतं ते अजून सापडलं नव्हतं. बुडणाऱ्या जहाजांचं ठीक आहे हो. फुटलेल्या दिव्याचं काय? ज्या नुकसानानं कुणी मरत नाही, दिवाळंही निघत नाही, नुसता रविवार जातो, त्याचं इतिहासानं काय केलं? ते लंडनमध्ये सापडलं.

लंडनच्या टॉवर स्ट्रीटवर १६८८ च्या सुमाराला एडवर्ड लॉइड नावाच्या गृहस्थाचं कॉफीचं दुकान होतं. जहाजमालक, कप्तान आणि चार पैसे गाठीला असलेले लोक तिथे जमत. जहाजाचा तपशील एका कागदावर लिहायचा आणि त्या धोक्यातला जो जेवढा हिस्सा उचलेल, त्यानं खाली तेवढी रक्कम लिहून सही करायची. खाली लिहिणारा तो 'अंडररायटर'. एका कपावर तीन तास बसू देणारं हॉटेल काय काय घडवू शकतं, ते बघा. आमच्या पुण्यात अशा हॉटेलांतून फक्त नाट्यसंस्था निघाल्या.

या अंडररायटर मंडळींना साठ वर्षांत एक गोष्ट कळून चुकली. बुडालेल्या जहाजाचे पैसे देताना दुःख होतं, पण वैताग येत नाही. वैताग येतो तो चिल्लर दाव्यांचा. चार पोती पीठ भिजलं, दोन पिंपं मासे नासले, टोपलीभर फळं कुजली. मासा समुद्राच्या लाटेनं नासला की मुळातच नासका होता, हे ठरवायला लागणारा खर्च माशापेक्षा जास्त. म्हणून १७४९ साली त्यांनी पॉलिसीच्या तळाशी एक टीप जोडली. धान्य, मासे, मीठ, फळं, पीठ आणि बी-बियाणं यांचं किरकोळ नुकसान आम्ही देणार नाही. जहाजच रुतलं, किंवा सगळ्यांना वाचवण्यासाठी माल समुद्रात टाकावा लागला, तर गोष्ट वेगळी. साखर, तंबाखू, कातडी वगैरे मालाचं नुकसान शेकडा ५ च्या आत असेल तर देणार नाही. आणि बाकीचा सगळा माल, तसंच खुद्द जहाज, यांचं नुकसान शेकडा ३ च्या आत असेल तर तेही देणार नाही. तीन टक्क्यांच्या आतलं ज्याचं त्यानं सोसावं.

ही टीप जहाजी पॉलिसीच्या नमुन्यात बसली ती अशी बसली की १९०६ च्या इंग्रजी सागरी विमा कायद्याला जो नमुना जोडला आहे, त्यातसुद्धा ती आहे. माझ्या मते विम्याच्या सगळ्या इतिहासात इतकं शहाणं वाक्य दुसरं नाही. विमा म्हणजे काय, हे त्यानं एका फटक्यात सांगून टाकलं. विमा हा बुडण्यावरचा उपाय आहे, खरचटण्यावरचा नाही. खरचटणं हा प्रवासाचाच भाग.

अर्थात शहाण्या वाक्यातही एक फट होतीच. नुकसान ३ टक्क्यांच्या वर गेलं की नुसतं वरचं नाही, सगळंच भरून मिळायचं. त्यामुळे नुकसान झालंच तर ते अडीचऐवजी साडेतीन व्हावं, अशी इच्छा एखाद्या सज्जन व्यापाऱ्याच्याही मनात चमकून जात असेल. दिवाळीतली स्कूटर याच भोकातून आत येते. आजच्या मोटारीच्या पॉलिसीनं ते भोक बुजवलं. आता नुकसान केवढंही असो, सक्तीची एक रक्कम आधी तुमच्याच खिशातून जाते. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला ती १००० रुपये आहे.

मोटारीचा कायदा बघा. तोही लॉइडच्याच वळणावर गेला. इंग्लंडनं १९३० च्या कायद्यानं मोटारवाल्यांना विम्याची सक्ती केली. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ती आली आणि १ जुलै १९४६ पासून प्रत्यक्ष लागू झाली. पण सक्ती कशाची? तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याला जी इजा होईल, तिच्या भरपाईची. १९८८ च्या नव्या कायद्यानंही तेच धोरण ठेवलं. म्हणजे रस्त्यावरचा पादचारी ही सरकारची काळजी; तुमच्या बंपरचं सरकारला सोयरसुतक नाही. तो विमा तुम्ही हौसेनं काढता. मधल्या काळात १९७३ च्या १ जानेवारीला १०७ कंपन्यांच्या सरकारी चार कंपन्या झाल्या, २००० सालानंतर पुन्हा खासगी कंपन्या आल्या, २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दरही मोकळे झाले. राज्यं आली, राज्यं गेली, पण खांबाला घासलेल्या गाडीचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

एक मात्र झालं. लॉइडच्या लोकांनी जे दरडावून सांगितलं होतं, ते मोटारवाल्या कंपन्यांनी गोड बोलून सांगितलं. त्याचं नाव 'नो-क्लेम बोनस'. एक वर्ष दावा केला नाही तर गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट, दोन वर्षं नाही केला तर २५, मग ३५, मग ४५ आणि पाच वर्षांनी ५०. मात्र मधे एक दावा केलात की सापशिडीतल्या अठ्ठ्याण्णवच्या सापासारखे सरळ शून्यावर. फ्रेंचांचा साप जरा दयाळू आहे. बिनदाव्याच्या वर्षाला ५ टक्के उतार आणि तुमच्या चुकीच्या एका अपघाताला २५ टक्के चढ. पण साप तो सापच.

या बोनसमुळे माणूस काय करतो, याचा हिशेब बेल्जियमच्या ज्याँ लमेर नावाच्या विमागणितज्ञानं मांडला आणि १९७७ साली प्रसिद्ध केला. त्याच्या निबंधाचं नावच मुळी 'बोनसची तहान'. बोनस टिकवण्यासाठी माणूस छोटी नुकसानी गुपचूप स्वतः भरून टाकतो; तर शिडीच्या कोणत्या पायरीवर असताना किती रुपयांपर्यंतचं नुकसान गिळावं आणि कितीच्या पुढे कंपनीकडे जावं, हे त्यानं गणितानं काढून दाखवलं. मला हे वाचून गहिवरून आलं. मी, मेव्हणा आणि नाना डायनिंग टेबलावर ज्यावर भांडत होतो, त्यावर जागतिक कीर्तीचा निबंध होता !

तो निबंध काही आम्हाला झेपला नाही. पण आमची ही तीस वर्षं बँकेत होती. शनिवारी रात्री तिनं दुधाची वही घेतली, माझ्यासमोर बसली आणि दहा मिनिटांत लमेरचं काम उरकलं.

"दावा केला तर मिळणार किती ते आधी बघू. बंपर ३,२००, दिवा २,२००. दोन्ही प्लॅस्टिकचे. प्लॅस्टिकला निम्मी घट धरतात. म्हणजे २,७०० तिथेच गेले. डिकीचा पोचा काढायची मजुरी १,२००, ती पूर्ण मिळेल. रंगाचे १,८००. त्यातला चौथा हिस्सा सामानाचा धरून त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे २२५. वर सक्तीचे १०००. राहिले किती? ४,४७५."

"वाईट नाहीत," मी म्हणालो.

"आता जाणार किती ते बघा. बोनसआधी आपला या भागाचा हप्ता ६,०००. यंदा दावा नाही केला तर पुढच्या वर्षी ५० टक्क्यांवर जातो. केला तर शून्यावर. मग २०, २५, ३५, ४५. पन्नासशी तुलना केली तर पहिल्या वर्षी ५० टक्के तोटा, मग ३०, मग २५, मग १५, मग ५. बेरीज १२५ टक्के. ६,००० च्या सव्वापट, ७,५००. गाडी जुनी होत जाईल तसा हप्ता जरा उतरेल, पण फार नाही. थोडक्यात, साडेचार हजार घ्यायचे आणि साडेसात हजार द्यायचे."

मेव्हणा म्हणाला, "झिरो डेप घ्यायला हवा होतात ताई."

"घेतला असता तर घट कापली नसती. ७,४०० मिळाले असते आणि ७,५०० गेले असते. शिवाय त्याचा जादा हप्ता वेगळा." मग चष्मा काढून ती म्हणाली, "आणि हे आठ हजारांचं झालं. उद्या चाळीस हजारांचं काम निघालं तर मात्र मर्दुमकी दाखवायची नाही. सरळ दावा करायचा. त्यासाठीच तर हप्ता."

हल्ली म्हणे बोनस जाऊ नये म्हणून जादा पैसे भरून बोनसचाही विमा काढता येतो. विम्याचा विमा ! याज्ञवल्क्यांना हे सुचलं नव्हतं.

"म्हणजे ठरलं," ही वही मिटत म्हणाली. "दावा करायचा नाही. तो फॉर्म पण नको भरायला."

मला एकदम हलकं वाटलं. इतकं हलकं की मीच दचकलो. पैसे जाणार म्हटल्यावर कोकणस्थ माणसाला हलकं वाटतं, हे लक्षण काही ठीक नाही. नीट तपासून पाहिलं तेव्हा कारण सापडलं. 'अपघात कसा घडला' हे साऱ्या जगात मला फक्त त्या फॉर्मनं विचारलं होतं. तो गेला, आता कुणीच विचारणार नव्हतं. ८,४०० रुपयांत मी बंपर, दिवा आणि गप्प बसण्याची सोय अशा तीन वस्तू घेत होतो. आणि हे तरी खरं होतं का? सक्तीची रक्कम तर दुसऱ्याच्याच खिशातून जाणार होती. उद्याच्या मीटिंगमध्ये ती वॉचमनच्या पगारातून कापली जाणार होती. मी इकडे १७४९ च्या टिपेवर खूश होतो, आणि माझं तीन टक्क्यांच्या आतलं नुकसान खाली टोपी हातात घेऊन उभं होतं. जहाजाला भोक मी पाडलं नव्हतं, हे कबूल. पण झेनोथेमिससारखा वर प्रवाशांत मिसळून मात्र बसलो होतो.

मेव्हणा गेल्यावर मी हिला सांगितलं. थोडक्यात वर्णन केलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "'बघ ना' काय म्हणालात हो !"

"तेवढंच म्हणालो."

"उद्या मीटिंगमध्ये सांगाल ते सांगालच. पण त्याच्या आधी खाली जा आणि त्या माणसाला सांगा. चारचौघांत मोठेपणा घ्यायच्या आधी."

सकाळी खाली गेलो. वॉचमन नळीनं झाडांना पाणी घालत होता. मी म्हणालो, "काका, परवा रात्री गाडी मीच खांबावर घातली."

"माहीत आहे साहेब," तो नळी न थांबवता म्हणाला. "मोटर चालू करून येत होतो, तेव्हा बघितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हटलं."

"आणि नसतं सांगितलं तर?"

त्यानं नळी दुसऱ्या कुंडीत टाकली. "मग गेले असते पगारातून," तो म्हणाला.

यात राग नव्हता, टोमणा नव्हता. पाऊस आला तर भिजणार, अशा सुरात तो म्हणाला. याज्ञवल्क्यांपासून लॉइडपर्यंत धोका वाटून घ्यायच्या सगळ्या युक्त्या मी दोन दिवस वाचल्या होत्या. पण धोका ज्याच्यावर नुसताच येऊन पडतो आणि ज्याला खाली सही करायलाही कुणी विचारत नाही, असा माणूस त्या इतिहासात मला कुठे भेटला नव्हता. तो आमच्या फाटकावर होता. मला दुसरं काही सुचेना म्हणून मी म्हणालो, "चुकलं माझं." तो म्हणाला, "खांबच जरा आत आहे साहेब."

मीटिंगमध्ये मी उभा राहून सांगितलं तेव्हा सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आश्चर्य आणि मग समाधान पसरलं. जबाबदार इसम मिळाला होता. "मग खांबाच्या गिलाव्याचा खर्चही तुमच्याकडे," ते म्हणाले आणि त्यांनी तसं इतिवृत्तात लिहून घेतलं. नानांनी फाटक रुंद करावं अशी सूचना मांडली. तिला अनुमोदन मिळालं, पण खर्चाचा विषय निघताच ती पुढल्या सभेवर गेली. ती तिथे माझ्या माहितीप्रमाणे फियाटच्या काळापासून जात आहे.

गाडी आता नवीन दिसते. गवंड्याचे ६०० धरून हिच्या दुधाच्या वहीत बरोबर ९,००० चा आकडा लागला आहे. बोनस शाबूत आहे. बंपरखाली हिनं लिंबू-मिरची बांधली आहे. तिचा हप्ता आठवड्याला दहा रुपये, फॉर्म नाही आणि सर्व्हेअरही येत नाही. वॉचमनकाका रात्री मी आलो की मोटर तशीच ठेवून फाटकाशी येतात आणि "येऊ द्या, येऊ द्या... बास !" असं म्हणत मला आत घेतात.

ते कुत्रं मात्र अजून मी रिव्हर्स टाकला की उठून पलीकडच्या फुटपाथवर जातं.